तीन नावांची मांजर

एका राज्यात नद्या डोंगर चढून वर जात आणि त्याचे कोणाला नवल वाटत नसे. झाडांवरचे पक्षी माणसांची भाषा बोलत. जादूगार बाजारात भाजीवाल्यांच्या शेजारी बसून आपले मंत्र विकत. त्या राज्यात नवल वाटावे अशी एकच गोष्ट होती. राजवाड्यात राजघराण्यातली तीन माणसे राहत होती, आणि ती तिघे एकमेकांशी बोलत नव्हती.

राजा सोमकेतू पूर्वेच्या महालात राही. तो आपला पाण्याचा तांब्या स्वतःच्या हाताने कुलपात ठेवी. राणी कनकलेखा पश्चिमेच्या महालात राही. ती जेवणाचा पहिला घास बदकाला घाली आणि बदक चालू लागल्याशिवाय दुसरा घास उचलत नसे. राजाच्या आईला सारे आईसाहेब म्हणत. त्या मधल्या चौकात दार लावून बसत, आणि दारामागे लाकडी पेटी सरकवून ठेवीत. दरबार भरून दोन वर्षे झाली होती. न्याय मागायला आलेली माणसे वेशीबाहेर झोपड्या घालून राहिली होती, आणि त्या झोपड्यांत जन्मलेली लेकरे आता चालू लागली होती.

वाड्याच्या दूधघरावर केसराई नावाची बाई मुख्य होती. चाळिशी उलटलेली, बोलणे मोजके. दुधात बोट बुडवून ती गाय कोणत्या कुरणात चरली ते सांगे. तिच्या हाताखाली तिची धाकटी जाऊ यमाई ताक घुसळी. दोघी विधवा, दोघी एकाच खोलीत राहत, आणि दिवसभर एकमेकींशी भांडत.

दूधघरातून रोज सकाळी दुधाच्या तीन वाट्या जात. एक राजाच्या नीलमणीला, एक राणीच्या राजसीला, एक आईसाहेबांच्या बाळीला. वाड्यात तीन मांजरी आहेत असे सगळे धरून चालले होते.

एके दिवशी वाट्या नेणारी दासी आजारी पडली. केसराई स्वतः निघाली. राजाच्या महालात एक राखाडी मांजर उजवा पाय उचलून लंगडत आली. तिचा डावा कान चिरलेला होता.

"कालपासून उपाशी आहे बिचारी," राजा म्हणाला.

राणीच्या महालात राखाडी मांजर गादीवर पसरली होती. चारी पाय धडधाकट. डावा कान चिरलेला.

"कालपासून तिने तोंडात काही घेतले नाही," राणी म्हणाली.

मधल्या चौकात राखाडी मांजर आईसाहेबांच्या मांडीवर तान्ह्या बाळासारखी रडत होती. डावा कान चिरलेला. तिसरी वाटी तिने फार सावकाश संपवली.

केसराई रिकाम्या वाट्या घेऊन परतली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती राजाच्या महालातल्या खांबाआड उभी राहिली. तिच्या कानावर शब्द आले. त्या राज्यात पक्षी बोलत, पण चार पायांचे जनावर बोलल्याचे आजवर कोणी ऐकले नव्हते.

मांजर राजाच्या कुशीत डोळे मिटून म्हणत होती, "महाराज, हे मी फक्त तुम्हाला सांगते. राणी आपल्या भावाला गादीवर बसवणार आहे. हे दुसऱ्या कोणाला कळले तर मी कायमची मुकी होईन."

"कळणार नाही," राजा म्हणाला. "तू सोडून माझे आहे कोण?"

त्याच दुपारी ती पश्चिमेच्या महालाच्या खिडकीखाली गेली. तिथे मांजर राणीला सांगत होती, की आईसाहेब राजासाठी दुसरी वधू पाहत आहेत. पुढे चौकाच्या जाळीपाशी तिने ऐकले, की राजा आईला दूरच्या किल्ल्यावर ठेवणार आहे. तिन्ही ठिकाणी शेवटचे वाक्य एकच होते.

केसराई परतली तेव्हा मांजर दूधघराच्या उंबऱ्यावर बसली होती.

"केसराई," मांजर म्हणाली, "या वाड्यात शहाणी अशी तू एकटीच. म्हणून फक्त तुला सांगते. यमाईचा तुझ्या जागेवर डोळा आहे. तिने राणीसाहेबांच्या कानावर घातले आहे, की तू दुधात पाणी घालतेस. हे कोणाला सांगू नकोस. मी मुकी होईन."

हे जनावर खोटे बोलते हे केसराईला पुरते ठाऊक होते. तासाभरापूर्वी तिने ते आपल्या कानांनी ऐकले होते. तरीही संध्याकाळी यमाईने ताकाचा गडू पुढे केला, तेव्हा केसराई म्हणाली, "नको. पोट भरले आहे." आणि यमाई पाठमोरी झाल्यावर ती तिच्या हातांकडे पाहत राहिली.

दोन दिवस असे गेले. तिसऱ्या दिवशी राजाने तिला बोलावले.

"केसराई, माझी नीलमणी आजारी आहे. भुलीच्या तळ्यातला तांबडा मासा तिला हवा. तो तूच आणायचास, असे तिच्या लक्षणांवरून दिसते. नाही आणलास तर तुला हद्दपार करीन."

भुलीचे तळे उत्तरेला होते. त्याच्या लाटांचा आवाज ज्याच्या कानी पडे तो आपले नाव विसरे आणि तिथेच काठावर बसून राही. केसराईने कानात मेण भरले. काठावर माणसे रांगेने बसली होती, प्रत्येक जण शेजाऱ्याला 'मी कोण?' असे विचारत होता. तळ्याचे पाणी दुधासारखे पांढरे होते. तिने त्यात बोट बुडवले आणि चाखून पाहिले. दूधच होते. मग तिने कमरेची विरजणाची लोटी सोडली, तळ्यात रिकामी केली आणि झाडाखाली बसून राहिली. दिवस कलण्याआधी सगळे तळे घट्ट दह्यासारखे लागले. लाटा थांबल्या. आवाज बंद झाला, तशी काठावरची माणसे आपापली नावे घेत उठली. केसराई दह्यावरून चालत मधोमध गेली आणि अडकून पडलेला तांबडा मासा तिने घागरीत घातला.

ती वेशीत शिरते तोच राणीचे बोलावणे आले.

"केसराई, माझ्या राजसीला थंडी भरते. कर्कोट जादूगाराच्या घोंगडीची लोकर तिच्या अंथरुणाला हवी. ती तूच आण. नाहीतर तुझा हात तोडण्याची आज्ञा देईन."

कर्कोटाच्या घराभोवती दगडी माणसे उभी होती. प्रत्येकाचा हात चोरी करताना पुढे झालेला, आणि तसाच थिजलेला. केसराई दूर उभी राहिली आणि तिने हाक मारली.

"लोकर मागायला आले आहे. चोरायला नाही."

जादूगार दारात आला. त्याची दाढी जमिनीवर लोळत होती. "तुला माझ्या भावाने पाठवले."

"तुमचा भाऊ मी पाहिलेला नाही. मांजरीच्या अंथरुणासाठी हवी आहे."

जादूगाराचा चेहरा उतरला. "राखाडी? डावा कान चिरलेला?"

"तीच."

तो पायरीवर बसला. "तिला वाचा मी दिली. मी आणि माझा भाऊ एकाच घरात राहत होतो. हिवाळा लांबला होता, म्हणून करमणुकीला दिली. मंत्र म्हणताना एक शब्द चुकलो. त्या शब्दाचा शाप झाला. ती ज्याच्याशी बोलते त्याला आपल्या माणसांचा भरवसा उरत नाही. ती मला म्हणाली, भाऊ तुझे ग्रंथ जाळणार आहे. मी भावाला घराबाहेर काढले."

"भावाला विचारले नाहीत?"

"विचारले असते तर ती मुकी झाली असती."

"मग ती तुमच्यापाशी राहिली?"

"दुसऱ्या दिवशी भावाच्या मागोमाग निघून गेली," तो म्हणाला.

"शापाला उतारा काय?"

"मला ठाऊक नाही." त्याने घोंगडीची मूठभर लोकर उपटून तिच्या हातात दिली आणि दार लावून घेतले.

तिसरी आज्ञा आईसाहेबांची. त्या दाराच्या फटीतून बोलल्या. "केसराई, माझ्या बाळीला एकटे वाटते. घाटातल्या सावरीवर म्हातारी साळुंकी राहते, ती पिंजऱ्यातून आण. नाही आणलीस तर यमाईलाही वाड्याबाहेर घालवीन."

सावरीच्या खोडावर काटे होते. केसराई वर चढली तेव्हा तिचे तळवे रक्ताने भरले होते. साळुंकी शेंड्यावर बसली होती. तिने पिंजऱ्याकडे पाहिले.

"मांजरीला सोबत हवी, असेच ना? त्या वाड्याच्या वळचणीला माझे घरटे होते. तिने माझी तीन पिल्ले खाल्ली. प्रत्येक वेळी आधी माझ्याशी गोड बोलली. तू मला तिच्या तोंडी देणार नाहीस हे कशावरून?"

केसराईने विचार केला. "दाखवायला माझ्यापाशी काही नाही," ती म्हणाली. "तू न येशील तर मी रिकाम्या हाताने जाईन."

साळुंकीने मान वाकडी करून तिला न्याहाळले. "गोड बोलत नाहीस, एवढे बरे आहे. पिंजरा टाकून दे. मी खांद्यावर बसून येईन, आणि वाटेल तेव्हा उडेन."

केसराई दूधघरात आली. मासा, लोकर आणि पक्षी अशी तिन्ही तिच्यापाशी होती. यमाईने तिचे हात पाहिले, धावत पाणी आणले आणि काटे काढू लागली. केसराई तिला जवळून पाहत होती. अजून तिच्या मनात येत होते, ही काटा काढते आहे की खोल रुतवते आहे? आणि मग तिला स्वतःचीच इतकी लाज वाटली, की तिच्या तोंडून सारे बाहेर पडले.

"यमाई, मांजर मला म्हणाली, तुझा माझ्या जागेवर डोळा आहे."

यमाईच्या हातातला काटा खाली पडला. "मला म्हणाली, तू मला काढून माझ्या जागी भाची आणणार आहेस! चार महिने झाले मला झोप नाही."

"मला भाची नाही, बाई."

"मला कुठे आठवले ते!"

दोघी हसू लागल्या आणि हसता हसता रडल्या. तेवढ्यात मांजर दारात आली. ती केसराईकडे पाहून तोंड उघडू लागली, पण तोंडातून नुसते म्याँव आले. यमाईकडे वळली. पुन्हा म्याँव. मांजर उलट्या पावली निघून गेली.

केसराई उठली. मांजर ज्या गोष्टीला जपत होती तीच तिची दुखरी नस होती; गुपित उघडे करणाऱ्या दोघींपुरती ती मुकी झाली होती. 'कोणाला सांगू नका' हे तिने उगीच सांगितले नव्हते.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तिने तिन्हीकडे निरोप धाडला. आपली वस्तू आली आहे, दूधघरात येऊन न्यावी. राजा पूर्वेच्या दाराने आला, राणी पश्चिमेच्या. आईसाहेब काठी टेकत मधल्या दाराने आल्या. तिघांनी एकमेकांना पाहिले आणि तिघेही परत फिरले. पण यमाईने दारे बाहेरून लावली होती.

"केसराई," राजा गरजला, "हे बंड आहे."

"होय महाराज. आपापल्या मांजरीला हाक मारा, मग शिक्षा करा."

"नीलमणी!" राजा म्हणाला. "राजसी!" राणी म्हणाली. "बाळी गं," आईसाहेब म्हणाल्या. खिडकीतून एक राखाडी मांजर आत उतरली आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली. कोणाकडे जावे हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळेना.

"आता तिने काय काय सांगितले ते एकमेकांना सांगा," केसराई म्हणाली. केसराईला त्यांच्या चेहऱ्यांवर राग दिसला नाही, भीती दिसली. प्रत्येकाजवळ दोन वर्षांत एवढा एकच आवाज होता. तो घालवायला कोणाचे मन होईना. खांद्यावरची साळुंकी उडून तुळईवर बसली.

शेवटी आईसाहेब एक पाऊल पुढे आल्या. "सोमकेतू," त्या म्हणाल्या, "ती मला म्हणाली, तू मला किल्ल्यावर टाकणार आहेस."

राजाने अंगरख्यातून एक कागद काढला. पौर्णिमेला आईला किल्ल्यावर आणि राणीला माहेरी धाडण्याचा हुकूम त्याने सकाळीच लिहिला होता. "आई, तुम्ही माझ्या जेवणात विष कालवता असे ती म्हणाली. म्हणून... कनकलेखा, तुझा भाऊ..."

"माझा भाऊ?" राणी म्हणाली. "तो मेंढरे सोडून गादीवर कशाला बसेल? मला म्हणाली, आईसाहेब तुमच्यासाठी वधू पाहतात."

"महाराज, ही खो—" मांजर म्हणाली. तो शब्द अर्ध्यावर वळला आणि त्याचे म्याँव झाले. तिने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा म्याँव.

त्या क्षणी शाप सुटला, कर्कोटाच्या मनातला संशय गेला, आणि त्याच्या अंगणातली दगडी माणसे हलली आणि आपले पुढे झालेले हात मागे घेऊन घरी गेली. जादूगार काठी घेऊन डोंगर ओलांडायला निघाला, भावाच्या घराकडे. दूधघरात राजाने तलवारीला हात घातला.

राणीने तो धरला. "तिने सांगितले, महाराज. ऐकले आपण."

राजाने तलवार म्यान केली. तो आईपुढे वाकला, आणि त्याला बराच वेळ उठता आले नाही. हुकमाचा कागद चुलीत गेला. तांबडा मासा यमाईने नदीत सोडला आणि साळुंकी आपल्या सावरीवर परत गेली. दुसऱ्या दिवशी दरबार भरला, आणि तीन महिने सकाळपासून संध्याकाळपर्यंत भरत राहिला, तेव्हा वेशीबाहेरची शेवटची झोपडी उठली. तिघे एका पंगतीला जेवू लागले. पहिल्या दिवशी कोणालाच काय बोलावे सुचले नाही, म्हणून मिठाविषयी बोलले. पुढे पुढे जमले.

मांजरीला कोणी मारले नाही, कोणी हाकही मारली नाही. आठ दिवस ती भिंतीवरून हिंडली. नवव्या दिवशी दूधघरात आली आणि केसराईच्या पायाला अंग घासून बसली. डोळे अर्धे मिटलेले, घशात घरघर.

"ही काय म्हणते गं?" यमाईने विचारले.

"काही म्हणत नाही. जनावर आहे." केसराईने तिला उचलून बाहेर ठेवले आणि दार लोटले. मग ती थांबली. दाराला कडी न घालता तिने बोटभर फट तशीच ठेवली, आणि यमाईने पाहिले तर नाही ना, म्हणून मागे वळून बघितले.