हौद्यात बसणारा मिस्त्री

कासम मिस्त्री गेल्याची बातमी मांडवखेलला आली तो साधा मंगळवार होता. भिवाजी सातकर आडाच्या कट्ट्यावर दुधाच्या किटल्या खंगाळत होता. एसटीच्या कंडक्टरनं दारातूनच ओरडून सांगितलं, "तुमचे कासमभाई पहाटे गेले हो. लेकीच्या घरी." भिवाजीनं धुतलेली किटली पुन्हा एकदा धुतली. मग तीच आणखी एकदा.

त्यालाही आता वीस वर्षं झाली. तेवढ्या काळात कासम मिस्त्रीची गोष्ट झाली आणि ती घाटाच्या खाली-वर सगळ्या गावांत पसरली.

घाटात डांबर पडलं नव्हतं, तेव्हा मांडवखेलच्या पिंपळाखाली कासम मिस्त्री इंजिनं उघडून बसायचा. त्याचा कान असा की तीन वळणं खाली असलेली गाडी कुणाची आणि तिचं काय दुखतंय, ते तो जागेवरून सांगायचा, असं म्हणतात. इंजिनाच्या पोटात कॅमशाफ्ट नावाचा एक दांडा फिरतो. त्याच्यावर अंड्याच्या टोकासारखे उंचवटे असतात. ते झडपा उघडतात आणि इंजिन श्वास घेतं. जसा उंचवटा तसा श्वास. कासम मिस्त्री त्या उंचवट्यावरून अंगठा फिरवून गाडी आजवर किती चढ चढली ते सांगायचा, असंही म्हणतात.

भिवाजीकडं तेव्हा पेट्रोलवर चालणारी जुनी पिकअप होती. अकरा गावांचं दूध तो घाटावरच्या डेअरीत न्यायचा. वर सपाटी लागली की दुसऱ्या दूधवाल्याची गाडी त्याला मागं टाकायची आणि डेअरीच्या फाटकाशी तो हसायचा, "काय भिवाजीशेठ, दूध आणलंत का दही?"

ते भिवाजीला फार लागलं. तो मिस्त्रीकडं गेला. "कासमभाई, शहरात शर्यतीच्या गाड्यांचा कॅम मिळतोय. गाडी नुसती उडते म्हणे. बसवून द्या."

मिस्त्रीची एक रीत होती. कॅम निवडायचा तर तो आधी गाडीच्या मागं, हौद्यात, भरल्या मालावर बसून घाट चढायचा. त्या दिवशीही तो किटल्यांवर बसून वर गेला. उतरून म्हणाला, "नको. तो कॅम पळणाऱ्या गाडीचा. जोरात फिरलं तरच त्या इंजिनाला दम येतो, हळू चाललं की धाप लागते. तुझी सपाटी दोन मैल अन् चढ नऊ मैल. तुला खालच्या ताकदीचा कॅम पाहिजे."

"पण आवाज तरी ऐका त्याचा!"

"आवाज तू ऐकणार रे, स्टिअरिंगवर बसून. मागं बसलेल्याचं काय?"

भिवाजी घरी गेला आणि चार दिवसांनी शहरातल्या एका गॅरेजात तो कॅम बसवून आला. गावात कुणाला सांगितलं नाही. सपाटीवर त्यानं दूधवाल्याला मागं टाकलं, आठ दिवस. घाटात मात्र गाडी जड भरली की कण्हायची. मग तो दोन-चार किटल्या खालीच ठेवायचा.

नवव्या दिवशी सकाळी हौसाबाई अडली. पहिलं बाळंतपण, आणि दवाखाना घाटावर. किटल्या उतरवून तिला हौद्यात निजवलं. सासू, सासरा आणि गावची आठ माणसं चढली. कासम मिस्त्रीही चढला. तिसऱ्या वळणावर चढ अंगावर आला, गाडी पहिल्या गिअरात हळू झाली आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा बंद पडली. माणसं उतरून ढकलू लागली. मिस्त्रीनं दोन क्षण इंजिन ऐकलं आणि भिवाजीकडं नुसतं पाहिलं.

पुढचं लोक असं सांगतात की मिस्त्री पुढच्या चाकावरच्या मडगार्डवर पालथा पडला, इंजिनाला तोंड लावलं आणि आपला श्वास त्याच्यात फुंकत राहिला. त्याच श्वासावर गाडी उरलेली सगळी वळणं चढली. भिवाजीला ठाऊक आहे की मिस्त्रीनं बॉनेट काढून कार्बोरेटरची तापलेली दांडी हातानं दाबून धरली होती, इंजिन मंद होऊ नये म्हणून. वर पोचेस्तोवर त्याच्या तळव्याची कातडी निघाली होती. पण भिवाजी लोकांना अडवत नाही.

हौसाबाई वाचली. बाळ वाचलं नाही.

दवाखान्याच्या पायरीवर तिच्या सासऱ्यानं भिवाजीला विचारलं, "रोज चढणारी गाडी आजच कशी बसली?" मागून कासम मिस्त्री म्हणाला, "कॅम बदलला होता. तो मी निवडला. माझी चूक."

उतरताना भिवाजीनं विचारलं, "असं का केलंत?"

"अकरा गावं तुला दूध देतात. उद्या ती देतील का? मी काय, एकटा माणूस." मग म्हणाला, "तिला तू सांग. जमेल तेव्हा, पण सांग."

"येत्या बाजारच्या दिवशी सांगतो," भिवाजी म्हणाला.

मिस्त्रीनं भाजलेल्या हातानंच जुना कॅम परत बसवला. पण पिंपळाखाली गाड्या येईनाशा झाल्या. वर्षाच्या आत तो लेकीकडं राहायला गेला.

चूक केली आणि चारचौघांत कबूल केली, असा मिस्त्री पुन्हा झाला नाही, असं आता म्हणतात. त्या चुकीपासूनच तो हौद्यात बसू लागला, असंही म्हणतात. म्हणून आजही मांडवखेलात कुणाच्या गाडीचं इंजिन उघडलं, तर ते जोडणारा मिस्त्री पहिल्या चढाला मागं मालावर बसतो, आणि गाडी सुटताना सगळे पिंपळाच्या पाया पडून, नारळ देऊन म्हणतात, "कासमभाई, चूक झाली तर सांगू."

भिवाजीही तिथं उभा असतो. त्याचे ओठ हलतात, आवाज येत नाही. हौसाबाईचं घर रस्त्यालगतच आहे. ती पाया पडत नाही, नारळ देत नाही. कासमचं नाव निघालं की ती दार ओढून घेते.

तिला खरं काय ते सांगायचं भिवाजीकडून अजून राहिलेलं आहे.