हातात काय होतं?

"मग ही माणसं मोडतात तरी कशानं, अण्णा?"

निशिकांत डॉक्टर हाडांच्या दवाखान्यात नवा, अजून शिकाऊ. दोनशे रुग्णांचं कुठलं हाड मोडलं, कशानं मोडलं, याची त्यानं वही केली होती. मोठ्या डॉक्टरांनी ती परत पाठवली. कारणाच्या रकान्यात दोनशे वेळा एकच... 'घसरून पडणे'. संध्याकाळपर्यंत खरी कारणं आण, म्हणाले, नाहीतर वर्ष गेलं समज.

गेनूअण्णा प्लास्टरच्या खोलीतले. तीस वर्षं पट्ट्या भिजवत आलेले, अक्षरओळख नाही.

अण्णांनी हात पुसले. "चला."

पहिल्या खाटेवर सोजरआजी. खुबा मोडलेला.

"आजी, पडलात तेव्हा हातात काय होतं?"

"दुधाची चरवी." आजीचा चेहरा खुलला. "थेंब सांडू दिला नाही बघ."

पलीकडे बाबू गवंडी. खांदा गेलेला.

"अंडी होती तीस." बाबूनं मान खाली घातली. "दोन फुटली."

डॉक्टरला हसू आवरेना. "अहो, हातातलं टाकायचं अन् हात टेकायचा. मनगटावर भागलं असतं. हाडापेक्षा चरवी मोठी? एवढी अक्कल नको माणसाला?"

"पाहिजे तर खरी," अण्णा म्हणाले.

वही छातीशी धरून डॉक्टर तरातरा निघाला. मावशींनी नुकतीच फरशी पुसलेली. "साहेब, ओलं हाये..." म्हणेस्तोवर डॉक्टर आडवा. बादली कलंडली, पाणीच पाणी झालं. डावं कोपर फरशीवर आपटलं, तरी वही दोन्ही हातांत घट्ट.

सोजरआजीनं पदर तोंडाला लावला. "लागलं का रं लेकरा?" म्हणाली, पण खाट हलत होती.

फोटो काढला. कोपराला बारीक चीर.

अण्णा सावकाश पट्टी गुंडाळू लागले. डॉक्टरनं उजव्या हातानं वही उघडली. दोनशे एकावा. नाव लिहिलं. हाड लिहिलं. 'घस' लिहिलं...

पेन थांबलं.

ओलं प्लास्टर हळूहळू ऊब धरू लागलं. डॉक्टरनं 'घस' खोडलं, आणि अण्णांकडे पाहिलं.

अण्णांनी शेवटचा वेढा तळव्यानं सारवला.

"वही भिजली नाही ना, साहेब?"