सात कुलपांमागचा कोंबडा

एका राज्यात दर अंगणाला एक खुराडे होते आणि माणसे कोंबड्याच्या हाकेने उठत, तेव्हाची ही गोष्ट. आता ती अंगणे नाहीत आणि तशा सकाळीही नाहीत. आठवले की जीव हळहळतो, म्हणून सांगतो.

तिथला राजा वज्रसेन. त्याला एकच लेक, रत्नप्रभा. राजाने एका मांत्रिकाच्या गुहेतला खजिना लुटून आणला आणि मांत्रिकाने शाप दिला.

"सूर्य मावळताच तुझी लेक शिळा होईल. पहाटे तुझ्या अंगणातल्या तांबड्या कोंबड्याने तीन बांगा दिल्या, तरच दिवसापुरती माणूस होईल. असे सात वर्षे चालेल. शेवटच्या पहाटे तीन बांगा झाल्या तर शाप सुटेल. नाही तर ती कायमची शिळा."

त्या राज्याची रीत अशी, की वस्तू मोलाची दिसली की तिला कुलूप लावायचे. लोणच्याची बरणीसुद्धा कुलपात! मग ज्याच्या गळ्यात राजकन्येचा जीव, तो कोंबडा बाहेर कसा राहील? राजाने त्याला सात कुलपांमागे, खजिन्याच्या दालनात ठेवले. सोन्याचा पिंजरा, खाली मखमल, खिडकी एकही नाही. शेजारच्या दालनात राजकन्या रात्रभर शिळा होऊन पडे.

पक्षी मुळातला चिवट, म्हणून इतकी वर्षे आरवला. शेवटचे तीन दिवस उरले आणि बांगेऐवजी घशातून घरघर निघाली. डोळे चिकटले, नाक वाहू लागले. राजकन्या त्या दिवशी दगडच राहिली.

राजवैद्य धावला. त्याने दाराच्या फटी चिंध्यांनी बुजवल्या आणि आत धूप घातला. कोंबडा चोच उघडी टाकून धापा टाकू लागला. ही बातमी पसरली तशी प्रजेनेही आपापली खुराडी गोणपाटाने गच्च बांधली. राजा करील ते आपण करायचे, हीदेखील तिथली रीतच.

तेव्हा एक साळुंकी राजाच्या खांद्यावर येऊन बसली.

"महाराज, नदीपलीकडे भिवरा नावाची म्हातारी आहे. तिच्या खुराड्यात कोंबडे खोकत नाहीत. तिला बोलवा."

भिवरा आली. पदर खोचलेला, बोलणे फटकळ. दालनाचे दार उघडताच तिने नाकाला पदर लावला.

"महाराज, आत या."

राजा आत गेला. त्याचे डोळे चुरचुरू लागले.

"सात वर्षांची घाण मखमलीत मुरलीय. तुम्हाला घटकाभर सोसवेना, अन् हे पाखरू रातंदिवस तेच हुंगतंय."

"उपाय सांग."

"तीन कामं हायत. तिन्ही तुमच्या हातानं."

पहिले काम कोंबड्याला बाहेर काढायचे. राजाने पिंजरा घट्ट धरून ठेवला.

"घारीने नेला तर?"

"हितं ठेवला तर मरणारच हाय," भिवरा म्हणाली.

राजाने पिंजरा छातीशी धरून बाहेर आणला. अंगणात, बाकीच्या कोंबड्यांपासून लांब, जाळीचे खुराडे मांडले. तीन बाजूंना आडोसा केला, वरून वारा खेळता ठेवला.

दुसरे काम, तळाला भाताचे कोरडे तूस पसरायचे आणि ओले झाले की बदलायचे. राजाने ते एका दिवसात चारदा बदलले. मुकुट सारखा आड येऊ लागला, तेव्हा तो काढून कोनाड्यात ठेवला.

तिसरे काम, कोमट पाण्याने डोळे-नाक पुसायचे, गुळाचे पाणी पाजायचे, भिजवलेल्या कण्या भरवायच्या. राजा भरवायला बसला आणि त्याला आठवेना, की आपण लेकीला कधी घास भरवला होता. त्याला फार वाईट वाटले.

दुसऱ्या दिवशी घरघर कमी झाली. बांग काही आली नाही.

शेवटच्या पहाटे राजकन्येची शिळा अंगणात आणून ठेवली. कोंबडा उठला, त्याने पंख झाडले. एक बांग दिली. मग दुसरी, कापरी. आणि मान खाली घालून तो बसून राहिला. पूर्व तांबडी होऊ लागली.

"हलव त्याला! औषध दे!" राजा ओरडला.

"हात लावू नका. आत्ताच दुखण्यातनं उठलाय." भिवराने कान टवकारले. "पर महाराज, गाव असं गपगार का? कोंबडा कोंबड्याला साद देतो. बाकीचे कुठं गेले?"

राजाला उमगले. तो अनवाणीच बुरुजावर धावला आणि गळा फाडून ओरडला, "माझी चूक झाली! खुराडी उघडा! गोणपाट काढा!"

मग जे झाले, ते ऐकायला मी आज काहीही देईन. कुंभारवाड्यात एक आरवला. त्याला वेशीजवळच्याने उत्तर दिले, त्याला नदीपलीकडच्याने. अंगणाअंगणातून साद फिरत फिरत वाड्याशी आली. तांबड्या कोंबड्याने मान उंचावली आणि खणखणीत तिसरी बांग दिली.

रत्नप्रभेच्या पापण्या हलल्या.

"बाबा, आज इतके कोंबडे कुठून आले?"

राजाने रडत रडत तिला जवळ घेतले.

खजिना मांत्रिकाकडे परत गेला. कुलपे घडवणारे लोहार खुराड्यांच्या जाळ्या विणू लागले. राजवैद्यही भिवराकडून तूस पसरायला शिकला, जरा कुरकुरतच.

शाप सुटला, असे सगळे म्हणाले. राजाला मात्र धीर नव्हता. संध्याकाळी तो लेकीजवळ ओसरीवर बसला. सूर्य डोंगराला टेकला तसा त्याने तिचा हात धरला आणि डोळे घट्ट मिटले. सात वर्षे तो हात याच वेळी गार पडत असे.

बराच वेळ गेला.

"बाबा, डोळे उघडा ना," रत्नप्रभा म्हणाली. "सूर्य गेल्यावरही आभाळात इतके रंग राहतात, मी विसरूनच गेले होते."

हात उबदार होता. राजाने डोळे उघडले आणि दोघे अंधार पडेपर्यंत तिथेच बसून राहिले.