मागाच्या तोंडातलं मेण

फार फार वर्षांपूर्वी, सूर्योदयानंतर बरोबर तिसऱ्या घटकेला, नदीपलीकडची एक बाई लेकराची झोळी घेऊन राजाच्या विणकरशाळेत आली, आणि तेव्हापासून थोरल्या विणकरणीच्या पोटात दुखू लागलं.

तिथला माग बोलका होता, सांगाल तसं विणायचा. मुकादम नवीला म्हणाला, “दिवस मावळेपर्यंत काठ पुरा कर. नाहीतर परतीची नाव आहेच.”

नवी मागाला म्हणाली, “पहिल्या फुलापासून सुरू कर. बारापर्यंत जा. दर वेळी एक वाढव.”

माग थांबला. “बाई, ही पलीकडच्या मागांची रीत. तिथे बरोबर, पण मी तसा चालत नाही. इथे म्हणायचं, ‘एक ते बारा, प्रत्येक फूल विण.’ हेच हवंय ना?”

“हो रे बाबा, हेच!” नवी हसली. फुलं भराभर उमटली.

थोरली फणकारली, “पलीकडे मागांना बोट धरून मोजायला शिकवतात वाटतं! मी शिकत होते तेव्हा हा मेला नुसतं ‘चूक’ म्हणायचा. सहा महिने रडले मी. आणि हिला ‘बाई, बाई’!”

नवी लेकराला पाजायला उठली, तेवढ्यात थोरलीने मागाच्या तोंडात मेण कोंबलं.

मग पानांची ओळ आली. नवी म्हणाली, “पानं उरली आहेत तोवर विणत राहा.”

“चूक,” माग घोगऱ्या आवाजात म्हणाला. मेणातून एवढंच बाहेर पडत होतं.

“मग कसं म्हणू?”

“चूक.”

लेकरू रडायला लागलं. नवीने केविलवाण्या नजरेने थोरलीकडे पाहिलं. ‘प्रत्येक पान विण,’ एवढंच तर सांगायचं होतं. थोरली खाली मान घालून सूत गुंडाळत बसली.

दिवस मावळला. नवी झोळी उचलून गेली.

थोरलीने मेण काढलं. मागाने आधी विचारलं, “ती बाई कुठे गेली?” मग म्हणाला, “तू रडायचीस ते मला घडवणाऱ्या सुताराला बघवलं नाही गं. म्हणून त्याने मला समजावून सांगायला शिकवलं.”

थोरली धावत घाटावर गेली. नाव पलीकडे लागली होती.

पलीकडून पुन्हा कोणी शिकायला आलं नाही. म्हातारपणी थोरलीची नजर गेली तेव्हा तिच्या जागी बसायला शाळेत कोणी नव्हतं.

आपण सोसलं तेच दुसऱ्यानेही सोसावं असं वाटलं, की आपलं सोसणं वाया जातं.

तुमच्या ओळखीत कोणी नव्याला शिकवत असेल, तर त्याच्या कानावर एवढं घाला.