बैलाचा डावा कान

एका जंगलात एक म्हातारा बैल राहत असे. जंगलात बैल कुठून आला, असे तुम्ही विचारणारच, म्हणून आधीच सांगून टाकतो. तो तेल्याच्या घाण्याचा बैल होता. गावात तेलाची गिरणी आली, घाणा बंद पडला आणि तेल्याने गाव सोडताना त्याच्या डोळ्यांवरची झापडे काढून त्याला रानात मोकळे सोडले. बैलाने कुरकुर केली नाही. चरायला हिरवे गवत होते, बसायला सावली होती. पण त्याच्या पाठीवर बसून गोचिड्या टिपणारा एक बगळा त्याला समुद्राच्या गोष्टी सांगत असे. "दादा, तिथे चालशील तेवढा किनारा," तो म्हणे. जन्मभर एकाच जागी गोल फिरलेल्या बैलाच्या मनात हे वाक्य घर करून बसले.

दर हिवाळ्यात त्या जंगलातले काही प्राणी किनाऱ्याकिनाऱ्याने थेट भूशिरापर्यंत चालत जात. मजल दरमजल, मुक्काम करत करत, चांगली लांबलचक सहल असे ती. त्यांची म्होरकी होती एक गाढवीण. ओझी वाहून पायांची पक्की, बोलायला सडेतोड. यंदा बैल तिच्यापुढे जाऊन उभा राहिला.

"मावशी, मलाही ने. माझं वय बघता यंदा नाही तर कधीच नाही."

"नेईन की," गाढवीण म्हणाली. "पण वाटेत खाड्या आहेत. ओहोटी आहे तोवरच त्या ओलांडायच्या असतात. एकाचं चुकलं की सगळे अडकतात. तेव्हा आधी सराव कर."

"सराव?" बैलाला हसू आले. "माझ्याइतकं चाललंय कोण या जंगलात? पृथ्वीला वेढे घातले असतील मी."

"वेढेच घातलेस, बाबा. आता एक कर. तो समोर ताड दिसतो ना, त्याला शिवून ये."

बैल ऐटीत निघाला. सवयीप्रमाणे त्याने मान खाली घातली आणि झपाझप चालू लागला. बराच वेळ चालून तो थांबला, वर पाहिले, तर समोर ताड नव्हता. समोर गाढवीण होती. डावीकडे वळत वळत स्वारी निघाल्या जागीच येऊन पोचली होती. घाण्याला जुंपलेली मान, ती दुसरे काय करणार? शेजारी एक शेळी पाला खात होती. तिला हसू आवरेना.

"मामा, तेल किती निघालं?" तिने विचारले.

बैलाला हे फार लागले. तो झाडाखाली जाऊन सगळ्यांकडे पाठ करून बसला. "मला नाही जायचं कुठे," तो म्हणाला. तेव्हा गाढवीण त्याच्याजवळ गेली आणि हळू आवाजात म्हणाली, "हे बघ, पाय तुझे कधीचेच तयार आहेत. तयार व्हायची आहे ती मान. पायांकडे बघणाऱ्याची वाट वाकडी होते. लांब बघायला शीक." मग तिने बगळ्याकडे पाहिले. "आणि तू नुसत्या गोष्टी सांगू नकोस. याच्या डाव्या खांद्यावर बस. हा डावीकडे वळला की याचा कान टोच."

मुलांनो, बगळ्याने हे काम जरा जास्तच मनावर घेतले. रोज सकाळी बैल ताडाकडे बघत निघे. जरा डावीकडे कलला की डाव्या कानावर टोच बसे, आणि तो दचकून उजवीकडे होई. कान लाल झाला. बैल मनातल्या मनात बगळ्याला नाही नाही ते बोले. नदीच्या रेतीत पाय रुतत, तिथेही गाढवीण त्याला चालायला लावी. संध्याकाळी शेळी विचारी, "आज तरी निघालं का तेल?" बैल म्हणे, "निघालं, माझंच." पण हळूहळू टोचा कमी होत गेल्या. एके दिवशी बैलाने ताडाच्या बुंध्याला नाक लावले, तेव्हा शेळीनेही पाला खाणे थांबवले.

थंडी पडली आणि सगळे निघाले, शेळी आणि बगळाही. डाव्या हाताला समुद्र, उजव्या हाताला सुरूची झाडे. बैलाचे मन भरून आले. दूर बघत चालायचे हे त्याला आता कोणी सांगावे लागत नव्हते. मुक्कामामागून मुक्काम झाले, आणि भूशिराच्या अलीकडे शेवटची खाडी आली. ओहोटीत तिच्या तोंडाशी वाळूचा एक अरुंद पट्टा उघडा पडे. तेवढीच वाट, दोन्ही बाजूंना पाणी. बगळा न्याहारीला चिखलाकडे गेला होता. गाढवीण पुढे झाली, तिच्यामागे बाकीचे प्राणी, मग बैल आणि बैलाच्या मागे, सगळ्यांत शेवटी, शेळी. शेळीला पोहता येत नव्हते, म्हणून ती बैलाच्या पावलावर पाऊल टाकत होती.

निम्म्यावर आले आणि दाट धुके उतरले. गाढवीण आणि पुढचे सगळे दिसेनासे झाले. लाटांच्या आवाजात तिची हाकही ऐकू येईना. लांब बघावे तर बघायला काही उरलेच नव्हते. बैलाची मान आपोआप खाली गेली.

"मामा," मागून शेळीचा आवाज आला, "पाणी माझ्या पोटाला लागतंय."

बैल जागीच थिजला. आपली मान पुन्हा घाण्याला लागली, हे त्याला कळले. आपण बुडू, याचे त्याला फारसे वाटले नाही. पण ही बिचारी आपल्या भरवशावर मागे आली होती. आणि तेवढ्यात त्याचा डावा कान ठणकला. खांद्यावर बगळा नव्हता, चोच नव्हती, तरी कान ठणकला. बैल उजवीकडे झाला. पायाखाली वाळू घट्ट लागली. पुढेही जरा डावीकडे कलला की कान ठणके, आणि तो सरळ होई. असे करत करत दोघे पलीकडच्या काठाला लागले. तिथे बाकीच्यांसह गाढवीण डोळे लावून उभी होती.

ऊन आले, धुके विरले. बैलाने मागे वळून पाहिले. वाळूवर त्याची पावले उमटली होती. मध्ये एका ठिकाणी ती डावीकडे वाकून पाण्यात शिरली होती आणि पुन्हा बाहेर येऊन सरळ गेली होती. आपली स्वतःची वाट तो पहिल्यांदाच पाहत होता. भरतीचे पाणी ती पुसायला लागेपर्यंत तो तिथून हलला नाही.

बगळा उडत आला, तेव्हा बैलाने त्याच्यापुढे मान वाकवली. "रोज सकाळी मी तुला शिव्या घालत होतो," तो म्हणाला. "घाण्याने मला पाय दिले, मावशीने नजर दिली आणि तू हा कान दिलास. त्याच्यावर आज दोन जीव तरले." बगळा लाजून पंख साफ करू लागला. शेळी पुढे आली. तिने बैलाचा तो डावा कान हळूच चाटला.

तात्पर्य : कान टोचून घेताना सोनाराचा राग येतोच, पण वाट पार झाल्यावर पहिला नमस्कार त्यालाच करावा.