हाकेचा डोह

आसवलीच्या डोंगराखाली नदी कड्याला वळसा घालते आणि जरा थबकते. तिथे एक काळाशार डोह आहे. देऊळ नाही, कळस नाही. अलीकडे अकरा पायऱ्या आणि पलीकडे सरळ उभा कडा. पितृपक्षातल्या नवमीला इथे आईच्या नावाचा पिंड पाण्यात सोडतात आणि डोहातले हातहातभर मासे वर येऊन तो घेऊन जातात. माणसं लांबून येतात. तीळ, दर्भ, जानवं, कोरं धोतर, सगळं पिशवीत नीट घडी घालून आणलेलं असतं. पायरीवर बसलेली येसूआजी त्यांना एकच विचारते, "आईचं माहेरचं नाव?"

मग फोन निघतात. पन्नाशीचे, साठीचे गृहस्थ ओल्या पायांनी उभे राहून म्हाताऱ्या मावशीला ओरडून विचारतात, "आईला लहानपणी काय हाक मारायचात?" आजी तोवर पान लावते. तिला घाई नसते. नाव आल्याशिवाय इथे पिंड सोडत नाहीत. ही अट कुणी घातली, असं विचारणारा एखादा निघतोच. मग आजी पान गालात सारते आणि सांगू लागते.

फार जुनी गोष्ट, म्हणे. वाडीत सोनजी नावाचा शेतकरी होता. त्याची आई गोदाई गेली. सुनेला घरात येऊन जेमतेम पाच महिने झाले होते. तिचं नाव लग्नात इंदिरा ठेवलं होतं, पण सगळे तिला नवी म्हणत. नवी बोलायची कमी. बघायची मात्र सगळं.

गेलेल्या जिवाला नवा देह दहा दिवसांत घडतो, असं सांगतात. रोजच्या पिंडानं एकेक अवयव. पहिल्या दिवशी डोकं, मग डोळे, मग हातपाय. दहाव्या दिवशी त्याला तहानभूक येते. त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत पोटात घास गेला तर जीव पुढच्या वाटेला लागतो. वाट वर्षाची. सोळा गावं, मध्ये वैतरणी. घास नाही गेला, तर तो तसाच भुकेला काठावर उभा राहतो. पुढे जाता येत नाही, मागे फिरता येत नाही.

दहाव्या दिवशी सोनजीनं डोहात पिंड सोडला. तो तरंगत राहिला. एरवी तांदळाचा दाणा पडला तरी पाणी खळबळायचं. त्या दिवशी एक शेपटी हलली नाही.

"काहीतरी राहिलंय तिचं," दामोदरभट म्हणाले. "वचन द्या."

सोनजीनं वचन दिलं, म्हैस विकणार नाही. पिंड तिथेच. चुलतभावाशी बांधावरून भांडणार नाही. तिथेच. तुळशीला रोज स्वतः पाणी घालीन. यावर मागून कुणीतरी म्हणालं, "एवढं खोटं नको बोलूस रे, ती ऐकतेय." सोनजीला हसू आलं नाही. तो छातीभर पाण्यात उभा होता आणि नऊ दिवस न रडलेला माणूस आता लेकरासारखा हुंदके देत होता. "गोदाई, घे गं. गोदाई!"

सूर्य डोक्यावर आला. भटजींनी दर्भाचा मासा वळायला घेतला. दर्भाचा कावळा चालतो, तर दर्भाचा मासा का नाही?

नवी वरच्या पायरीवर भाताचं रिकामं पातेलं घेऊन उभी होती. तिच्या कानात सासूला मारलेल्या हाका घुमत होत्या. घरात सगळे म्हणत, गोदाईला कमी ऐकू येतं. तिसऱ्या हाकेशिवाय ओ देत नाही. पण मांजरानं शिंक्याला पाय लावला, तर तीच बाई परड्यातून धावत यायची. नवीनं एकदा दळताना विचारलं होतं. सासू जात्याचा खुंटा न सोडता म्हणाली होती, "गोदा हे थोरलीचं नाव. ती बाळंतपणात गेली, मग मला आणली. घराला त्या हाकेची सवय होती. म्हणाले, नाव तेच राहू दे, कशाला बदला? मग मीच बदलले. अजून पहिल्या हाकेला वाटतं, तिलाच बोलावताहेत."

"मग तुमचं नाव?"

"राहिलं खिंडीपलीकडं."

नवीनं पातेलं पायरीवर ठेवलं. "तो मासा सोडू नका," ती म्हणाली. पाच महिन्यांत चारचौघांत बोललेलं तिचं हे पहिलं वाक्य. "तुम्ही बोलावताय ती थोरली. ती कधीच जेवून गेली. सासूबाईंना कुणी बोलावलंच नाही अजून." आणि कुणी काही म्हणायच्या आत ती खिंडीच्या वाटेला लागलीसुद्धा.

खिंडीपलीकडं कोंढरी. सासूचं माहेर. भाऊ कधीच गेले होते. भाचा अंगणात दोऱ्या वळत होता. "गोदाआत्या ना? गोदाच नाव की तिचं." दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. माणूस एकदा गावाबाहेर दिलं की त्याचं नाव धुऊनपुसून टाकण्यात कोंढरी आसवलीपेक्षा मागे नव्हती.

शेवटच्या घरी एक म्हातारी बसली होती. बयाक्का. गावातच दिलेली, म्हणून गावातच म्हातारी झालेली. डोळे गेलेले. नवीनं सगळं सांगितलं तशी ती उखडली.

"ती होय! माझी फुगडीची जोडीदारीण. अर्धी फुगडी टाकून गेली, पाव्हणे बघायला आले म्हणून. येते म्हणाली. आली का?"

"तेवढं नाव सांगा, आक्का. दिवस कलतोय."

"नाव सांगायला ती काय गाय आहे? हाक मारावी लागते. मला घेऊन चल."

"सुतक आहे मला, शिवू कशी?"

"माझ्या वयाला रोज कुणाचं ना कुणाचं असतंच. वाक."

नवी वाकली. म्हातारीला पाठुंगळी घेऊन तिनं खिंड चढायला घेतली. वर पोचेस्तोवर तिच्या डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. म्हातारी मात्र पाठीवरून चौकशी करत होती.

"तुझं नाव काय गं?"

"इंदिरा."

"ते ह्यांनी ठेवलेलं. तुझं?"

पाच महिन्यांत हे कुणी विचारलं नव्हतं. नवीच्या पायांत कुठून बळ आलं कोण जाणे. "रंगू," ती म्हणाली, आणि उतार तिनं पळत उतरला, असं सांगतात.

सूर्य कड्याला टेकला होता. माणसं पांगत होती. सोनजी अजून पाण्यातच होता. ओठ निळे पडलेले, डोळे त्या एका पिंडावर. रंगूनं म्हातारीला शेवटच्या पायरीवर उतरवलं. बयाक्कानं पदर खोचला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि पन्नास वर्षांपूर्वी परड्याच्या कुडावरून मारायची, तशी हाक मारली.

"ठकेऽऽ! ए ठके! कुठं उलथलीस? ये लवकर, भात निवतोय!"

पाणी तळातून उसळलं. एक मासा नाही, दहा नाही. सगळा डोह रुपेरी झाला, म्हणे. मासे सोनजीच्या कमरेला, छातीला घासत वर आले आणि पिंड दिसेनासा झाला. पहिल्या हाकेला! दुसरी मारावीच लागली नाही.

काठावर एकच गलका झाला. सोनजीला आईचं नाव जन्मात पहिल्यांदा कळलं होतं. "ठकूआई! ठकूआई!" म्हणत तो पाण्यात थपडा मारत होता, रडत होता आणि हसत होता. बयाक्का टाळ्या पिटत होती. "बघा, म्हणे बहिरी! चांगलं ऐकू येतंय तिला!"

दामोदरभटांनी दर्भाचा अर्धा मासा हळूच धोतरात खोचला. मग त्यांनी पळीत पाणी घेऊन संकल्प पुन्हा सांगितला, ठकूच्या नावानं. रंगूकडे वळून ते म्हणाले, "माझ्या पोथीत हे नाही, बाई. पण आजपासून इथे आधी हाक, मग मंत्र."

त्या रात्री दिवा लावताना सोनजीनं बायकोला पहिल्यांदा विचारलं, "तुला घरी काय म्हणायचे?" तिनं सांगितलं. पुढे ती सत्तरी ओलांडून गेली, तेव्हा तिच्या दहाव्याला सबंध वाडी काठावर उभी होती आणि हाक मारायला माहेरचं माणूस शोधावं लागलं नाही. सगळ्यांनाच नाव पाठ होतं.

आजही नवमीला मंत्र सुरू व्हायच्या आधी डोहावर बायका उतरतात. त्या वर्षी लग्न होऊन आलेली प्रत्येक सून पाण्याशी उभी राहून आपलं माहेरचं नाव स्वतः मोठ्यानं घेते. आवाज पहिल्यांदा जरा चाचरतो. मग शेजारी उभी असलेली सासू घसा खाकरून आपलं घेते. आणि चाळीस वर्षं दाबलेलं नाव निघतं ते असं, की समोरच्या कड्यावरचे पारवे भर्रकन उडतात. वरच्या पायऱ्यांवर मुलगे आणि गुरुजी ओल्या धोतरांनी कुडकुडत थांबलेले असतात. सगळ्यांची नावं घेऊन होईपर्यंत त्यांना खाली उतरता येत नाही.