झुबकीच्या शेंगा आणि म्हशीची बैठक

कान इकडे द्या. हात पांघरुणात घ्या. ऐका.

एक होती खार. तिचं नाव झुबकी. केवढी? मुठीएवढी. तुझ्या नाही, बाबांच्या मुठीएवढी. शेपूट मात्र हे एवढं!

झुबकीला रोज शेंगा मिळायच्या. भुईमुगाच्या शेंगा. शेंगा मिळाल्या की ती म्हणायची,

"दोन पोटाला, एक उद्याला!"

दोन शेंगा कुटुकुटु खायची. तिसरी ठेवायची. कुठे? गोठ्यात. कोपऱ्यात खळगा. खळग्यात शेंगा. शेंगांवर पेंढा. कुण्णाला दिसायचं नाही!

आणि ठेवायची कशाला? तर झुबकीला पिल्लं होणार होती. थंडी येणार होती. घरटं विणणाऱ्या सुगरण पाखराकडे कापूस होता, मऊ मऊ.

"शेंगा आण, कापूस ने," सुगरण म्हणाली होती. "पण आजच हं. उद्या मी चालले दुसऱ्या रानात."

आजची तिसरी शेंग काखेत धरून झुबकी गोठ्यात आली. तुरू तुरू, थांब. तुरू तुरू, थांब.

बघते तर काय? म्हैस!

पेंढा बघून म्हशीला वाटलं, हे माझंच अंथरूण. बसली फतकल मारून. थप्प!

"म्हशीबाई, म्हशीबाई, ऊठ ना. खाली माझ्या शेंगा आहेत."

"तरीच काहीतरी टोचतंय," म्हैस म्हणाली. "पण मी नाही उठणार."

झुबकीने मान तिरकी केली. "का बरं?"

"उठून करू काय? समोर गवताची काडी नाही. आजीने गवत कापलं, तर उठेन."

झुबकी निघाली. तुरू तुरू, थांब. तुरू तुरू, थांब. अंगणात बायजाआजी बसली होती.

"आजी, आजी, गवत काप ना.
म्हैस काही उठेना,
शेंगा मला मिळेनात!"

"मी नाही कापणार," आजी म्हणाली.

"का बरं?"

"हा विळा बघ. याने लोणी कापलं तरी पुष्कळ! लोहाराने धार लावली, तर कापेन."

झुबकीने विळ्यावर शेपूट घासून पाहिलं. एक केस तुटला नाही. खरंच की!

तुरू तुरू, थांब. तुरू तुरू, थांब.

"लोहारकाका, लोहारकाका, धार लावा ना.
आजी गवत कापेना,
म्हैस काही उठेना,
शेंगा मला मिळेनात!"

"मी नाही लावणार," लोहारकाका म्हणाले.

"का बरं?"

"विळा तापायला हवा. विस्तव फुलायला हवा. आणि भाता बघ माझा, नुसता फुस्स! मोचीने भाता शिवला, तर लावेन."

झुबकीने भात्याच्या भोकातून डोकावलं. पलीकडून लोहारकाकांचा डोळा! खरंच की!

तुरू तुरू, थांब. तुरू तुरू, थांब.

"मोचीमामा, मोचीमामा, भाता शिवा ना.
लोहार धार लावेना,
आजी गवत कापेना,
म्हैस काही उठेना,
शेंगा मला मिळेनात!"

"काय म्हणालीस?" मोचीमामा ओरडले. "ऐकू नाही आलं!"

कसं येणार? मांडीवर बाळ रडत होतं. ट्यां! ट्यां! ट्यां!

झुबकीने सगळं पुन्हा सांगितलं.

"मी नाही शिवणार. बाळ मांडीवर, तर सुई धरू कुठे? बाळ हसलं, तर शिवेन."

झुबकी बाळाच्या पायाशी बसली.

"बाळा, बाळा, हास ना.
मोची भाता शिवेना,
लोहार धार लावेना,
आजी गवत कापेना,
म्हैस काही उठेना,
शेंगा मला मिळेनात!"

"ट्यां!" बाळ म्हणालं. म्हणजे, मी नाही हसणार.

"का बरं?"

बाळाने हातातला खुळखुळा हलवला. काही नाही. पुन्हा हलवला. काहीच नाही.

"आतला चिंचोका हरवला," मोचीमामा म्हणाले. "खडा घातला, तर दचकलं. खिळा घातला, तर जास्तच रडलं. आता तूच सांग बाई!"

झुबकीने काखेतली शेंग काढली. कानाशी हलवली. खुळ खुळ. अगदी हळू. अगदी गोड.

पण झुबकीला भूकही लागली होती. केवढं धावली होती! खाल्ली तर पोट जरासं भरेल. बाळाला दिली तर? तर काय काय होईल?

"बघू तरी!" म्हणाली झुबकी. आणि शेंग खुळखुळ्यात टाकली. मामांनी झाकण लावलं, घट्ट.

खुळ खुळ खुळ!

बाळ गप्प. बाळाचे डोळे मोठ्ठे. आणि मग, खुदकन!

बाळ हसलं. टुच टुच, मोचीने भाता शिवला. फू फू, ठण ठण, लोहाराने धार लावली. सपासप, आजीने गवत कापलं.

"आलं वाटतं!" म्हणत म्हैस उठली. हळूहळू. आधी मागचे पाय, मग पुढचे पाय.

पेंढा बाजूला. खळगा उघडा. शेंगाच शेंगा! झुबकीने मोठ्या पानात बांधल्या आणि सुगरणीकडे निघाली. तुरू तुरू, थांब. तुरू तुरू, थांब.

वाटेत कावळा. चोचीत काच, चकचकीत.

"घेतेस का झुबके? दे शेंगा."

झुबकीने काचेत पाहिलं. आतसुद्धा एक झुबकी! "छानच आहे रे. हिने पिल्लांना ऊब येते का?"

"ऊब? छे!"

"मग नको, कावळेदादा."

आणि झुबकी सुगरणीकडे पोहोचली. शेंगा दिल्या, कापूस घेतला. केवढा कापूस! कापसात झुबकी दिसेना, नुसतं शेपूट दिसे.

"या तीन जास्तीच्या," सुगरण म्हणाली आणि शेंगा परत दिल्या.

दोन शेंगा झुबकीने कुटुकुटु खाल्ल्या. तिसरी उचलली. "एक उद्याला!"

पण गोठ्यात नाही हं. झाडाच्या ढोलीत, उंच. तिथे म्हैस बसत नाही. बहुतेक तरी नाही.

कापसात झुबकी, झुबकीजवळ शेंग. गोष्ट वळली कुशीवर, आता तूही वळ.